दूध तोडताना

आमच्या घरात कुत्रं पाळायची पद्धत नाही. सासूबाईंचं सोवळं आता पूर्वीसारखं कडक राहिलेलं नाही, पण कुत्र्यानं उंबरा ओलांडलेला त्यांना अजून खपत नाही. तेव्हा तांबूला मी 'आमची कुत्री' म्हटलं, की घरातून लगेच दुरुस्ती होते. ती गल्लीची. साताऱ्यात आमच्या पेठेत सात-आठ कुत्री आहेत, त्यांतलीच ही एक. अंगानं तांबूस, तोंड काळं, एक कान कायमचा दुमडलेला. उरलेल्या पोळ्या आम्ही मागच्या दारी ठेवतो, एवढाच काय तो आमचा तिचा संबंध होता.

२०२२ सालच्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, म्हणजे १ डिसेंबरला, ती आमच्या परसात व्याली. सोलर बसल्यापासून बंब फक्त ढगाळ दिवसांत पेटतो, त्यामुळे बंबाची लाकडं पत्र्याच्या छपरीत तशीच रचलेली असतात. त्या लाकडांच्या आडोशाला पाच पिल्लं. ह्यांनी तिला हाकलायचं बोलून बघितलं. पण वार गुरुवार, मार्गशीर्षातला, घरात लक्ष्मीचा घट मांडलेला. "लक्ष्मीच्या वारी दारात आलेली बाळंतीण आहे ती. कुणी हात लावायचा नाही," असं सासूबाईंनी सांगून टाकलं, आणि कोमट पाण्यात बाजरीची भाकरी कुस्करून स्वतः नेऊन ठेवली. अर्थात लांबून.

पहिले तीन आठवडे तांबूसारखी आई शोधून सापडली नसती. पोटापाण्यापुरती उठायची, धावत परत यायची. पिल्लांना थंडी लागू नये म्हणून त्यांच्याभोवती कमान करून पडायची. आमची सई सहा वर्षांची. "आई, ती पिल्लांना सारखी चाटते का?" हा प्रश्न तिनं दिवसातून चारदा विचारला. त्याचं उत्तर मलाही तेव्हाच नीट कळलं. नवजात पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आईनं पोटाखाली चाटलं, तरच होते. आणि झालेली सगळी घाण ती स्वतःच साफ करते. पंधरा दिवस त्या छपरीत पाच बाळं होती, पण वास म्हणून नव्हता. दुपट्यांच्या ढिगाऱ्यात दिवस काढलेल्या कुठल्याही बाईला याचं अप्रूप वाटेल. बाराव्या-तेराव्या दिवशी डोळे उघडले, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं आवाजाला दचकायला लागली, लटपटत उभी राहिली. सासूबाईंनी तोवर अंतर हातभर कमी केलं होतं.

आणि मग तांबू बदलली.

आधी ती आडवी पडून पाजायची, ती आता बसल्या बसल्या पाजू लागली. मग उभ्यानं. पिल्लं खाली लोंबकळताहेत आणि ही मधूनच चालायला लागते, एक-दोन टपटप खाली पडतात, असं दृश्य दिसू लागलं. चौथा आठवडा संपता संपता ती लाकडांच्या राशीवर, पिल्लांना चढता येणार नाही अशा जागी जाऊन बसू लागली. खाली पाच जणांचा आकांत आणि वर आईसाहेब डोळे मिटून. एक दिवस सगळ्यांत धिप्पाड पिल्लू तिच्या पोटाशी झोंबायला गेलं, तर तिनं दात दाखवून गुरगुर केली, त्याचं तोंड आपल्या जबड्यात धरलं आणि त्याला जमिनीला टेकवलं. पिल्लू असं किंचाळलं की शेजारच्या काकू कठड्याशी आल्या.

"बिथरली वाटतं कुत्री," काकू म्हणाल्या.

"आईच नव्हे ही," सासूबाई म्हणाल्या. तीन आठवडे ज्या बाळंतिणीचं कौतुक चाललं होतं, ती एका दुपारीत कैकेयी झाली.

पिल्लू मी उचलून पाहिलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तरी मनाची खात्री व्हावी म्हणून मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर मितभाषी. "पिल्लाच्या तोंडात बोट घालून बघितलंत का?" एवढंच त्यांनी विचारलं. घरी येऊन घातलं. सुया! कुत्र्याच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात आणि पुढच्या महिन्याभरात ते अठ्ठावीस होतात. पाच तोंडांतले असे दात आणि दूध उतरावं म्हणून पोटाला मारलेल्या नखांच्या ढुशा! मी तांबूला थोपटून तिचं पोट पाहिलं, तर लाल चरे उठलेले. हे पाहिल्यावर काकूंचं मत मी तरी बाजूला ठेवलं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी करायला सांगितल्या, त्या ज्यांच्या दारी कुत्री व्याली असेल त्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पिल्लांच्या नखांची नुसती टोकं आठवड्यातून एकदा कापावीत, म्हणजे आईला ओरखडे कमी येतात. आणि तिच्या स्तनांवर लक्ष ठेवावं. एखादा गरम, कडक, लाल झाला, हात लावू देईना, की थेट दवाखाना गाठावा. बायकांना गाठ होते तशी कुत्रीलाही होते, आणि ती सांगू शकत नाही. सांगते ती गुरगुरून, आणि आपण म्हणतो बिथरली!

पाचव्या आठवड्यात जे झालं ते लिहू की नको असा विचार केला, कारण ही पानं कुणी जेवताना वाचत असेल. तांबू चौकातल्या मटणाच्या दुकानापाशी चरून परत यायची. आली की पिल्लं तिच्या पोटाकडे न जाता तोंडाकडे झेपावायची, ओठांच्या कडा चाटायची. एकदा असंच चाटता चाटता तिनं पोटातलं सगळं जमिनीवर ओकून टाकलं, आणि पिल्लं त्यावर तुटून पडली. सासूबाई फिनेल आणि बादली घेऊन धावल्या. मी अक्षरशः आडवी गेले. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं: लांडग्यांत हे चालतं आणि पुष्कळ कुत्र्यांतही टिकून आहे. अर्धवट पचलेलं, ऊबदार, मऊ अन्न आई असं आणून देते. पिल्लांचं उष्टावणच म्हणायचं ते. सासूबाई बादली घेऊन जराशा थांबल्या. मग म्हणाल्या, "चिमणी तरी दुसरं काय करते?" आणि फिनेल न्हाणीघरात परत गेलं.

पण गल्लीतल्या कुत्रीच्या पोटात पाच जणांना पुरेल इतकं येणार कुठून? चौथ्या आठवड्यापासून वरचं सुरू केलं. मार्गशीर्ष संपला होता, हे नशीब, कारण आमच्या स्वयंपाकघरात अंडं शिजत नाही. जुना रॉकेलचा स्टोव्ह छपरीत काढला. मऊ भात, त्यात उकडून कुस्करलेलं अंडं, कोमट पाणी, पहिले चार दिवस पेजेसारखं पातळ, पुढे हळूहळू दाट. पिल्लांसाठी बाजारात तयार खाणं मिळतं, तेही भिजवून मिसळावं, नुसत्या भातावर हाडं भरत नाहीत असं डॉक्टरांचं म्हणणं. महिन्याकाठी ते परवडवलं. दिवसातून चार वेळा, पसरट ताटलीत. पहिल्या दिवशी ती ताटलीत चालली, त्यात बसली, एकमेकांचे कान चाटले, पोटात गेलं ते नजरचुकीनं. माझी शाळा साडेबारा ते साडेतीन, तेव्हा सकाळी सात, साडेअकरा, चार आणि रात्री नऊ अशा वेळा ठरवल्या. खायला घालताना तांबूला बाहेर काढून दार ओढून घ्यावं लागे, नाहीतर ताटली तीच चाटून मोकळी! यावरूनही सासूबाईंनी तिला दोन शब्द ऐकवले. पण भुकेल्या आईनं आपलं पोट आधी भरलं तर बिघडलं कुठं? दूध काय हवेतून तयार होतं?

दुधावरून आठवलं. काकूंनी एकदा प्रेमानं वाटीभर गाईचं दूध ठेवलं. दुसऱ्या दिवशी तीन पिल्लांना हगवण. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात आणि दुधातली साखर मात्र कमी. त्यामुळे गाईचं दूध पिल्लांना एकीकडे अपुरं पडतं, दुसरीकडे बाधतं. बेदाणे, द्राक्षं, कांदा, चॉकलेट ही तर कुत्र्यांना विषच. आणि जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, कारण जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लांत उतरतात आणि दुधातूनही येतात. आणखी एक. खेळता खेळता एका पिल्लाचा दात सईच्या बोटाला लागला. "पिल्लाचाच तर दात," असं सगळे म्हणाले. मी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुऊन तिला सरकारी दवाखान्यात नेलं आणि रेबीजच्या लशीचे सगळे डोस पुरे केले. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

पाचांत एक बारकी होती. नावच बारकी पडलं. आई आडवी पडून तासन् तास पाजत होती तोवर तिला उशिरा का होईना, मिळत होतं. तांबू उभ्यानं पाच मिनिटं देऊ लागली, आणि दांडगट भावंडांत बारकीच्या वाट्याला काही येईना. चार भावंडांत वाढलेल्यांना हे सांगायला नको. तिला मी वेगळं भरवू लागले, आणि ह्या निमित्तानं मला वाचायचा नाद लागला. १९७४ साली रॉबर्ट ट्रायव्हर्स या अमेरिकन शास्त्रज्ञानं या आई-पिल्लांच्या भांडणावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते. आईला सगळी पिल्लं सारखी, आणि पुढच्या वेळची अजून व्हायची आहेत तीही. पिल्लाला मात्र स्वतःचं पोट भावंडांच्या पोटापेक्षा जवळचं. तेव्हा आई 'पुरे' म्हणते त्या वेळी पिल्लाच्या लेखी पुरे झालेलं नसतं. दूध तोडण्याच्या दिवसांत हा तंटा शिगेला पोचतो. दोघांचंही बरोबर!

ट्रायव्हर्सची कुत्री मात्र माझ्या कामाची नव्हती. मला गल्लीतली हवी होती. ती भेटली कोलकात्याच्या 'आयसर' या संशोधन संस्थेत. तिथल्या अनिंदिता भद्रा, मानवी पॉल आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं बंगालमधल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या मागे वह्या घेऊन फिरत आले आहेत. त्यांना दिसलं तेच माझ्या छपरीत चाललं होतं: पिल्लं वाढतात तसा पाजण्यात आईचा पुढाकार कमी होतो आणि पिल्लांचा वाढतो. शिवाय पिल्लं संधी साधून कळपातल्या दुसऱ्या व्यालेल्या कुत्रीचंही दूध चोरून पितात, आणि मावश्या-आज्यांसारख्या माद्या पिल्लं सांभाळायला हातभार लावतात. ह्या बाईंनी कुत्र्यांच्या एकत्र कुटुंबावर निबंध लिहिलाय, हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिथंही सासू आहेच."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पेठेतल्या बायका आल्या. पिल्लं साडेसहा आठवड्यांची, परसभर धुमाकूळ. तांबू त्यांच्याशी खेळे, लोळे, पण पोटाला कुणी लागलं की एक गुरगुर. आता पिल्लांना गुरगुरीचाच अर्थ कळत होता. ती जागच्या जागी उलथी होऊन पोट दाखवत आणि प्रकरण मिटे. इतकंच नाही. आधी एकमेकांना कडकडून चावणारी पिल्लं आता तोंडात धरून सोडायला शिकली होती. दात किती जोरानं लावायचा, हे आई आणि भावंडंच शिकवतात.

नेमक्या याच दिवसांवर सगळ्यांचा डोळा असतो. पलीकडच्या आळीतल्या एका गृहस्थांना शेतावर राखणीला नर हवा होता. साडेचार आठवड्यांचं पिल्लू न्यायला ते पिशवी घेऊनच आले. "लहानपणी नेलं की माणसाळतं, आणि आई तर चावतेय त्याला," हा त्यांचा मुद्दा. पहिला अर्धा खरा आहे. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून १९६५ साली ग्रंथ लिहिला; तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंतच्या काळात पिल्लाला जगाची ओळख होते, माणसाचा हात तेव्हाच लागायला हवा, असं त्यांना आढळलं. पण हात लावण्यासाठी आईपासून तोडायला कशाला हवं? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असं आपल्याकडच्या २०१७ च्या श्वान-प्रजनन नियमांतसुद्धा आहे. मी त्यांना म्हटलं, "पिल्लू तुमचंच. पण २६ जानेवारीला न्या. तोवर दर रविवारी येऊन त्याच्याशी खेळून जा." ते रागावून गेले. तिसऱ्या रविवारी नातवाला घेऊन आले.

दुसरा प्रसंग इतका सोपा नव्हता. गल्लीतल्या एकानं "सगळी पोत्यात भरून घाटात सोडतो" असं जाहीर केलं. इथं ह्यांनी पुढाकार घेतला. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करून त्यांना होती तिथंच परत सोडायचं, असा नियम २००१ पासून होता (२०२३ च्या मार्चमधल्या नव्या नियमांतही तो आला), त्याची छापील प्रत घेऊन हे त्यांच्याकडे गेले. तासभर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पोतं निघालं नाही.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी धिप्पाड पिल्लू गाडीखाली गेलं. परसाचं दार कुणी तरी उघडं टाकलं, आणि गल्लीत एक टेम्पो मागे येत होता. शाळेतून आले तेव्हा सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या, पिल्लावर त्यांचं जुनं लुगडं पांघरलेलं. आळीतल्या मुलांनी खड्डा खणला. कोलकात्याच्या त्याच मंडळींनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला हिशेब मी आधी वाचला होता. ९५ वेळच्या ३६४ पिल्लांतली वयात येईपर्यंत शंभरांत एकोणीसच उरली, आणि मेलेल्यांपैकी शंभरांत त्रेसष्टांच्या मरणाला माणूस कुठे ना कुठे कारण होता. वाचताना तो बंगालचा हिशेब वाटला होता. त्या रात्री तांबू किती तरी दिवसांनी आडवी पडली आणि उरलेल्या चौघांना बराच वेळ पाजत राहिली. का, ते मला विचारू नका.

धाकट्या जावेचं इथं सांगायला हवं. ती पुण्याहून संक्रांतीला आली होती. मुलगा चौदा महिन्यांचा, आणि फेब्रुवारीपासून बँकेत पुन्हा हजर व्हायचं. अंगावरचं तोडावं की नाही, यावर घरात चार मतं. सासूबाई म्हणत, कडुलिंबाचा पाला वाटून लाव, दोन दिवसांत सुटेल. माझी नणंद फोनवरून सांगे, जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजा म्हणते, तू कशी तोडतेस? जाऊ दोघींचं ऐके आणि रात्री माझ्याजवळ रडे. छपरीत तांबूची गुरगुर चालू असताना ती एकदम म्हणाली, "बघा वहिनी, हिला कुणाची परवानगी लागत नाही."

कुत्रीवरून बाईला शहाणपण शिकवू नये, असं माझं मत आहे. चौदा महिन्यांचं मूल म्हणजे सहा आठवड्यांचं पिल्लू नव्हे. तरी एक गोष्ट मी तिला सांगितली, कारण ती मला स्वतःला फार लागली होती. न्यू जर्सीत 'द सीइंग आय' ही अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणारी १९२९ पासूनची संस्था आहे. तिथल्या ९८ पिल्लांचं बाळपण एमिली ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपून ठेवलं आणि ती पुढे शिक्षणात टिकतात का ते पाहिलं. २०१७ साली निष्कर्ष आला. ज्यांच्या आया आडव्या पडून आयतं दूध देत, सतत जवळ राहून चाटत, ती पिल्लं जास्त प्रमाणात नापास झाली. ज्यांच्या आया उभ्यानं पाजत, म्हणजे ज्यांना दुधासाठी धडपडावं लागे, ती अधिक तरली. जाऊ डोळे पुसून म्हणाली, "हे आईंना सांगा." मी नाही सांगितलं. जावेनं कडुलिंब लावला नाही. दिवसाचं आधी बंद केलं, रात्रीचं चालू ठेवलं, आणि मुलानं हळूहळू उन्हाळ्यात स्वतःच सोडलं. तांबूचंही दूध एकदम आटलं नाही. कमी होत होत गेलं, म्हणून तिला गाठ झाली नाही.

२६ जानेवारीला, बरोबर आठ आठवड्यांनी, शाळेतलं झेंडावंदन आटोपून मी घरी आले तेव्हा शेतावरचे गृहस्थ पिशवी न आणता नातवाला घेऊन उभे होते. दोन पिल्लं पुढच्या आठवड्यात गेली. एक माझ्याच वर्गातल्या मुलीकडे. लशीचा पहिला डोस आधीच टोचून घेतला होता. पुढचे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तीन महिन्यांना रेबीजची, हे मी प्रत्येकाला कागदावर लिहून दिलं. सोबत पिल्लं ज्यावर झोपत त्या गोणपाटाचा हातभर तुकडा. नव्या घरी पहिल्या रात्री पिल्लू रडतं. तो तुकडा जवळ असला की आईचा वास राहतो. चिडून खोलीत कोंडू नये, माणसाच्या अंथरुणाशेजारी खोक्यात ठेवावं. शेतावरून दुसऱ्या दिवशी निरोप आला, की पिल्लू तासभर रडलं आणि मग नातवाच्या पांघरुणात झोपलं. गोणपाट नातवानं उशाला घेतलं होतं.

बारकीला मागणी आली नाही. मार्चमध्ये तांबूचं दूध पूर्ण आटल्यावर तिची नसबंदी करून घेतली, पुढे वयात आल्यावर बारकीचीही. दोघींच्या कानांना आता खूण आहे. पोळी टाकली की तांबू अजून बारकीवर गुरगुरते आणि अर्धी खाऊन बाजूला होते.